कपाशीच्या काड्यांचा कोळसा अन् मेणबत्तीचा धूर

आमच्या जळगावकडं भरीत पार्टी म्हटली की कपाशीच्या काड्यांचा जाळ आलाच, अन् माझा चित्रं काढायचा कोळसा पण याच काड्यांचा. काड्या सोलून पत्र्याच्या डब्यात गच्च भरायच्या, झाकणाला खिळ्यानं बारीक भोक पाडायचं आणि डबा जाळात ठेवून द्यायचा, आत हवाच नाही म्हटल्यावर काडीची राख होत नाही, कोळसा होतो. भोकातून धूर थांबला की झालं, पण डबा पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका, आतला माल भपकन पेटतो.

चित्राचा कागद जाड, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कॉटन. थोडा ओला करून मेणबत्तीवर धरायचा आणि सारखा हलवत राहायचं, काजळी मखमलीसारखी बसते. वोल्फगांग पालेन नावाचा चित्रकार १९३० च्या दशकात असंच करायचा, फ्युमाज म्हणतात त्याला. फ्रेंच चित्रकार इव्ह क्लाईननं तर १९६१ मध्ये मोठ्या गॅस बर्नरनंच चित्रं केली, भारी माणूस!

मग पिसानं काजळी खरवडून खालचा पांढरा कागद उघडा करायचा, वरून कोळसा. काय काळा रंग येतो राव, विकतच्या कांडीला ती मजाच नाही. हे सगळं अंगणात, वारा नसताना, शेजारी पाण्याची बादली. फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा-काजळी कागदावर पक्की करायचा स्प्रे, आग विझल्यावरच आणि लांबून मारा, तो पेट घेतो.