आजीचे हात आणि यशयाचा सहावा अध्याय

आमच्याकडे चोपड्याच्या बाजूला सगळी केळी, त्यामुळे केळीचा चीक काय असतो ते वेगळं सांगायला नको, कपड्यावर पडला की गेलाच तो कपडा. आजी दुसऱ्यांच्या बागेत केळीची पिलं, म्हणजे बुंध्याशी फुटणारे कोंब, कापायला जायची, बोटं कायम काळपट. प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधे येशूच्या आठवणीत भाकरी घेतात त्या विधीच्या, आदल्या रात्री ओट्यावर लिंबाची फोड आणि चुलीतली राख घेऊन हात घासत बसायची, कितीतरी वेळ. डाग जायचा नाही, थोडा फिका व्हायचा बस.

आणि मी चपलेसकट चर्चमधे पळालो की दंड धरून मागे ओढायची, "चप्पल काढ भो, देवना घरमा जाई ऱ्हायना तू, बजारमा नही."

तेव्हा वाटायचं आजी देवाला फार घाबरते. आता बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचताना एक गोष्ट लक्षात आली, देव मोशेला आधी "मोशे, मोशे" अशी हाक मारतो आणि मग सांगतो की जवळ येऊ नको, पायातले जोडे काढ. हाक आधी, जोडे नंतर! म्हणजे तो हाकलत नाहीये, बोलावलंय त्यानेच, फक्त कोणासमोर उभा आहेस ते कळू दे म्हणतोय.

यशया संदेष्ट्याचंही तसंच, त्याच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात त्याला देवाचं दर्शन होतं. तिथल्या सराफांना, म्हणजे देवासमोरच्या स्वर्गदूतांना, सहा पंख, त्यातल्या दोनांनी तोंड झाकलेलं, दोनांनी पाय आणि उडायला उरले फक्त दोन. ज्यांनी कधी पाप केलं नाही तेही तोंड झाकून "पवित्र, पवित्र, पवित्र" म्हणतात, मग आपण कोण? यशया तर म्हणाला मी मेलोच, माझे ओठ अशुद्ध आहेत. आणि वेदीवरचा निखारा नेमका त्या ओठांनाच लागला. तो जळाला नाही, शुद्ध झाला. हे वाचलं की मला दरवेळी आजीचे हात आठवतात.

हल्ली आपल्यात ऐकू येतं की येशू मेला तेव्हा मंदिरातला परमपवित्र जागेपुढचा पडदा फाटला ना, मग आता कशाला एवढं भ्यायचं, देव आपला बाप आहे. खरंय, वरपासून खालपर्यंत फाटला, आणि बायबलमधल्या इब्री लोकांच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ या असंच लिहिलंय. पण त्याच पत्रात बाराव्या अध्यायात आदराने आणि भयाने सेवा करा, आपला देव भस्म करणारा अग्नी आहे, हेही आहे की. तो पडदा येशूच्या मरणाने फाटला, फुकटात नाही. मी स्वतः कित्येकदा प्रार्थना चालू असताना व्हॉट्सॲप बघितलंय, याचं मला आता खरंच वाईट वाटतं.

आजी प्रभुभोजनाला डोक्यावर पदर घेऊन दोन्ही हात पुढे करायची. राखेने घासून लाल झालेले, चिकाचे डाग तसेच. पाळक त्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवायचे आणि ती खाण्याआधी थोडा वेळ नुसती त्याच्याकडे बघत राहायची.