एफ-सिक्स आणि हरवलेला स्क्रू

भाची इंजिनीअरिंगच्या थर्ड इयरला आहे. तिच्या लॅपटॉपची २५६ जीबीची डिस्क कॅडची सॉफ्टवेअरं आणि प्रोजेक्टच्या फायली कोंबून कोंबून लाल झाली होती. सोमवारी सबमिशन असताना शनिवारी असले उद्योग काढू नयेत, एवढी अक्कल मला असायला हवी होती. पण भाचीने "मामा, तू करशील ना?" विचारलं की मामाची अक्कल चालत नाही.

ऑफिस अर्धा दिवस होतं. तिथून थेट ग्रँट रोडला उतरलो, ईस्टला बाहेर पडून लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलंय, तोंडात मात्र सगळ्यांच्या अजून जुन्या गव्हर्नरचंच नाव. एक टीबीची एनव्हीएमई, म्हणजे लहानशा पट्टीसारखी वेगवान डिस्क घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पावसातून भांडुपला ताईकडे आणली.

डिस्क बदलायला दहा मिनिटं लागली. फक्त ती दाबून धरणारा स्क्रू, साबुदाण्याहून बारीक, माझ्या बोटांतून सुटला आणि दिवाणाखाली गेला. टॉर्च मारून, झाडू फिरवून झालं. मिळाला नाही. असली पट्टीच्या आकाराची (एम-डॉट-टू) डिस्क स्क्रूशिवाय एका टोकाला उचलली जाते, म्हणून तिच्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा दाबून बसवला आणि मागचं झाकण लावून टाकलं.

विंडोज ११ चा पेनड्राइव्ह माझ्या जुन्या पीसीवर आदल्या रात्रीच बनवून ठेवला होता. सेटअप सुरू झाला. लॅपटॉपचा टचपॅड मेलेला, कारण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्या भागाशी विंडोजला बोलता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, सेटअपकडे नसतो. माउस लावला. भाषा, कीबोर्ड, पुढे, पुढे, आणि विंडोज कुठे टाकायचं ते निवडायच्या पानावर आलो तर यादी रिकामी. एकही ड्राइव्ह सापडला नाही, स्टोरेज ड्रायव्हर द्या, अशा अर्थाची एक ओळ खाली.

मला अर्थातच टेपचा संशय आला. झाकण उघडलं, डिस्क काढली, परत बसवली, टेप नवीन लावली. तेच. पुन्हा एकदा. तेच. दुकानदाराने खराब माल गळ्यात मारला असं मनात आलं आणि त्याला फोन लावला. तो शटर ओढायच्या घाईत होता. "इंटेल का इलेवन्थ जनरेशन है क्या, सर? डिस्क वापस मत लाओ, ड्राइवर डालो." फोन ठेवला.

तेव्हा कुठे मला बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी येणारा मशीनच्या सेटिंगचा पडदा, उघडून बघायचं सुचलं, जे खरं तर झाकण उघडण्याआधी सुचायला हवं होतं. बायोसमध्ये डिस्कचं नाव आणि आकार व्यवस्थित दिसत होता. म्हणजे डिस्क जिवंत, टेपही निर्दोष. आंधळा होता तो सेटअप.

भानगड अशी आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी नावाचा कंट्रोलर चालू असतो. मुळात ही सर्व्हरची सोय: अनेक डिस्का एकत्र बांधायच्या, मशीन चालू असताना बदलायच्या. लॅपटॉपमध्ये डिस्क बहुधा एकच, तरी तो मध्ये बसलेलाच. विंडोजकडे एनव्हीएमईचा स्वतःचा ड्रायव्हर असतो, पण डिस्क व्हीएमडीच्या आड गेली की तिच्यापर्यंत त्याची नजर पोचत नाही. सोसायटीच्या वॉचमनने पाहुण्याला गेटवरच अडवून धरावं, तसं. वॉचमनशी बोलणारा माणूस म्हणजे इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर, आणि माझ्या पेनड्राइव्हवर तो नव्हता.

सोपा मार्ग म्हणजे बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणे. कोरी डिस्क असेल, रेड (अनेक डिस्का एकत्र बांधणं) वगैरे काही नसेल, तर मी स्वतः तेच करीन. पण आधीपासून विंडोज असलेल्या डिस्कवर हा खेळ केला तर पुढच्या वेळी निळा स्क्रीन येतो, 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. आमच्या बाबतीत तो प्रश्नच आला नाही, कारण बायोसमध्ये तो पर्यायच दिसेना. काही लॅपटॉपांत कंट्रोल आणि एस दाबल्यावर तो उगवतो, हे मला नंतर कळलं.

लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवला. मॉडेलच्या पानावर होता तोच घेतला. अगदी नवीन आवृत्त्या जुन्या पिढ्यांना चालतीलच असं नसतं. आली ती एक ईएक्सई, म्हणजे डबल-क्लिकने चालवायची फाइल. ती पेनड्राइव्हवर टाकली, 'लोड ड्रायव्हर' दाबलं, फोल्डर दाखवला. साइन केलेला ड्रायव्हर सापडला नाही म्हणे. सेटअपला ईएक्सई चालत नाही, त्याला आयएनएफ, एसवायएस असल्या सुट्या फायली हव्या असतात. इंटेलच्या इन्स्टॉलरमधून त्या सोडवायची आज्ञा आहे: कमांड प्रॉम्प्टमध्ये फाइलच्या नावापुढे एक जागा सोडून, एक आडवी रेघ देऊन 'एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स' असा सलग शब्द आणि मग फोल्डरचा पत्ता. हे इंग्रजीत टाइप करायचं, हे सांगायला नकोच. माझ्या जुन्या पीसीवर ते चाललं.

आत फोल्डरात फोल्डर. शेवटच्या फोल्डरचं नाव भाचीने एकेक अक्षर वाचलं. "एफ, सहा, व्हीएमडी, एफ-एल-पी-वाय. मामा, हे एफएलपीवाय काय रे?"

"फ्लॉपी."

"म्हणजे?"

मला हसू आलं. २००७ मध्ये लालबागच्या चाळीत काकांच्या नव्या पीसीवर विंडोज एक्सपी टाकायला बसलो होतो. एक्सपी २००१ चं, साटा या नव्या जोडणीच्या डिस्का त्याच्यानंतरच्या, त्यामुळे सीडीवर त्यांचा ड्रायव्हर नाही. निळ्या पडद्यावर, हार्ड डिस्कच सापडत नाही. सेटअपच्या अगदी सुरुवातीला खाली काही सेकंद एक ओळ यायची, की बाहेरचा ड्रायव्हर द्यायचा असेल तर एफ-सिक्स दाबा. चहाचा कप उचलेपर्यंत ती गेलेली असायची. वेळेवर दाबलंच, तरी ड्रायव्हर फक्त फ्लॉपीवरूनच घेणार. काकांच्या पीसीला फ्लॉपी ड्राइव्ह नव्हता. शेजारच्यांच्या पीसीचा सोडवून आणला, केबल उलटी लावली, दिवा पेटला तो विझेचना. रात्री अकराला कुणीतरी सांगितलं, बायोसमध्ये साटाला आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीची जोडणी, करून टाक. केलं, आणि डिस्क दिसली. काकांनी तो पीसी पुढे कित्येक वर्षं तसाच वापरला.

फ्लॉपी गेली, सेटअपमधून एफ-सिक्सची ती ओळ विंडोज व्हिस्टापासून गेली, आणि इंटेल अजून फोल्डरला तेच नाव देतंय. भाचीला हे फारसं गमतीदार वाटलं नाही. "बरं, मग हाच फोल्डर ना?" एवढंच.

तोच. या वेळी यादीत दोन नावं आली. त्यातलं आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर, पुढे ९ए०बी असा क्रमांक आणि कंसात टीजीएल, ते निवडलं. टीजीएल म्हणजे टायगर लेक, इंटेलने अकराव्या पिढीच्या लॅपटॉप चिपांना दिलेलं नाव. यादी रिकामी आली तर खालची, न जुळणारे ड्रायव्हर लपवा अशा अर्थाची टिक काढून बघावी, पण मग दिसेल ते निवडत सुटू नये. अर्धा मिनिट गोल गोल फिरलं आणि ओळ उमटली: ड्राइव्ह शून्य, ९३१.५ जीबी.

"हजार नाही?" भाची. "फसवलं तुला."

डिस्कवाले हजाराच्या हिशेबाने मोजतात, विंडोज १०२४ च्या, हे समजावेपर्यंत सेटअप पुढे गेला होता.

त्यानंतर वायफायचाही ड्रायव्हर नाही आणि विंडोज ११ इंटरनेटशिवाय पुढे सरकत नाही, पण ते सोपं होतं. माझा फोन केबलने लावून यूएसबी टेदरिंग चालू केलं. लायसन्स मदरबोर्डला जोडलेलं असल्याने अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप झालं. जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये टाकली तर तिने बिटलॉकरची, म्हणजे विंडोज डिस्कला लावतं त्या कुलपाची, ४८ अंकी की मागितली. ती भाचीच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात होती, आणि खात्याचा पासवर्ड तिला तिसऱ्या प्रयत्नात आठवला. झोपायला दोन वाजले.

रविवारी सकाळी ताई केर काढत होती. "हे घे," म्हणून तिने तळहातावर काहीतरी पुढे केलं. मी चहा खाली ठेवला आणि लॅपटॉप पुन्हा उलटा केला.