मधुमेह नसताना इन्सुलिनचा पंप

पित्ताशयात खडे नाहीत, दारूला मी शिवत नाही, मग माझ्या स्वादुपिंडाला सूज आली कशी? उत्तर रक्ताच्या नळीतच होतं. नळी थोडा वेळ उभी ठेवल्यावर वरचा थर दुधासारखा पांढरा दिसू लागला. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, २००० च्या पुढे! ते १५० च्या आत असायला हवं, आणि १००० ओलांडलं की पॅन्क्रियाटायटिसचा, म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेचा, धोका वाढतो. अमायलेज, म्हणजे या सुजेत रक्तात वाढणारं एन्झाइम, मात्र जवळपास नॉर्मल आलं होतं. रक्तात इतकी चरबी असली की हा आकडा फसवा कमी येऊ शकतो, म्हणून लायपेज हे स्वादुपिंडाचं दुसरं एन्झाइम आणि सीटी स्कॅन यांवरून निदान पक्कं झालं.

पंपाने इन्सुलिन सुरू करणार म्हटल्यावर बायको गोंधळली. "यांना शुगर नाही हो, सिस्टर!" सिस्टरनी शांतपणे समजावलं, की इन्सुलिनमुळे ट्रायग्लिसराइड फोडणारं एन्झाइम जोरात काम करतं. पण त्याने साखरही उतरते, म्हणून सोबत डेक्स्ट्रोज, म्हणजे शिरेतून साखर. पोटॅशियमही उतरतं, म्हणून पुन्हा पुन्हा रक्त. दुसऱ्या हाताला सलाईन, आणि लघवी मोजायची. सलाईन कमी पडलं तर किडनीवर ताण, जास्त झालं तर दम लागणार. म्हणजे एकाने काही बदललं की दुसऱ्याचं गणित बिघडणार. एवढी माणसं एकमेकांना न विचारता काम करू लागली असती तर मला त्या उपचारांचीच भीती वाटली असती.

तसं झालं नाही, याचं श्रेय मी त्या एका तक्त्याला देतो. साखर, लघवी, पंपाचा वेग, दुखण्याचा आकडा, सगळं त्यावर. ड्युटी बदलताना दोघी सिस्टर माझ्या खाटेशीच यायच्या आणि पंपावरचा आकडा कागदाशी ताडून बघायच्या. एका रात्री साखर घसरली, तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टरना कुणाला शोधत फिरावं लागलं नाही. कितीच्या खाली गेली की डेक्स्ट्रोज वाढवायचं आणि डॉक्टरांना कळवायचं, हे आधीच लिहून ठेवलेलं होतं. दर तासाला बोट टोचून घेताना मी वैतागायचो, हेही खरं. झोप अशी नव्हतीच.

दुखणं शून्य ते दहात सांगायचं. वरच्या पोटातून पाठीत आरपार जाणाऱ्या त्या कळेला आकडा देणं मला आधी हास्यास्पद वाटलं. पण इंजेक्शननंतर थोड्या वेळाने सिस्टर परत येऊन विचारायच्या, आणि आकडा उतरला नसेल तर लगेच डॉक्टरांना फोन. नुसतं 'बरं वाटतंय का' विचारलं असतं, तर मी सवयीने 'हो' म्हणालो असतो.

उलट्या थांबून दुखणं कमी झाल्यावर, लायपेज नॉर्मल होण्याची वाट न बघता, तोंडाने खाणं सुरू केलं. पहिलाच ट्रे सिस्टरनी परत पाठवला. किचनने 'मऊ आहार' दिला होता, पण मऊ म्हणजे कमी चरबीचा नव्हे. मग आहारतज्ज्ञ स्वतः येऊन बोलल्या. साखर, गोड पेयं आणि मैदाही ट्रायग्लिसराइड वाढवतात, हे मला तेव्हा कळलं. मी फक्त तेलातुपाचाच विचार करत होतो.

ट्रायग्लिसराइड ५०० च्या खाली आल्यावर इन्सुलिन बंद झालं. रक्तातला प्लाझ्मा बदलण्याचा पर्याय राखून ठेवला होता, त्याची वेळ आली नाही. घरी सोडताना फेनोफायब्रेट हे ट्रायग्लिसराइड उतरवणारं औषध सुरू केलं, उपाशीपोटी लिपिड तपासणीची तारीख दिली आणि हे आनुवंशिक असू शकतं म्हणून भावंडांचंही रक्त तपासून घ्यायला सांगितलं. सिस्टरनी सगळं माझ्याकडून परत वदवून घेतलं.

डिस्चार्ज कार्डावर एक ओळ त्यांनी ठळक करून दिली: पुन्हा असं दुखलं तर अपघात विभागात पोचताच ट्रायग्लिसराइडबद्दल सांगायचं आणि रक्त लगेच काढून घ्यायला लावायचं. उपाशी राहिल्यावर आकडा झपाट्याने उतरतो आणि मग खरं कारण सापडत नाही. त्या ओळीचा फोटो बायकोच्या मोबाइलमध्येही आहे.