बारा हजार गेले कुठे?

एफवायच्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या, फेब्रुवारीत माझ्या रूममेटच्या खात्यात शिष्यवृत्तीचे १२,००० रुपये जमा झाले. अर्ज आम्ही शेजारी शेजारी बसून भरला होता. माझं खातं मात्र कोरडंच.

ही केंद्राची शिष्यवृत्ती. बारावीला आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असावं लागतं आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या, त्यातल्या निम्म्या मुलींना. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना दरवर्षी १२,०००. ती घेतली की दुसरी कुठली घेता येत नाही, म्हणून महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरच्या, फीत सूट देणाऱ्या शाहू महाराज योजनेचा अर्ज मी भरलाच नाही. मी बी.एस्सी. ऑनर्सला, कॉलेज अनुदानित, ट्यूशन फी तशी किरकोळ. खरा खड्डा पाडतात ते कॉट बेसिसचं, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं, भाडं आणि मेस. फीतली थोडी सूट घेण्यापेक्षा हातात येणारे पैसे बरे, असा साधा हिशोब.

अर्ज एकदा परत आला होता. उत्पन्नाच्या दाखल्याच्या तळाशी ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असं बारीक अक्षरात होतं, ते मी वाचलंच नव्हतं. पुन्हा तलाठी, पुन्हा सेतू, चार दिवस गावी. ते झालं एकदाचं.

पण आता शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर पैसे गेल्याचं दिसत होतं. गावच्या बँकेत विचारलं तर साहेब म्हणाले, “आधार लिंक आहे की!” लिंक होतं, खरंच. पण लिंक वेगळं आणि सीडिंग वेगळं, हे कॉलेजच्या खिडकीवरच्या मॅडमनी सांगितलं. लिंक म्हणजे आधार नंबर बँकेकडे नोंदवलेला; सीडिंग म्हणजे सरकारी पैसे कुठल्या बँकेत जायचे, त्याची नोंद. आधार शेवटचं ज्या बँकेला सीड केलेलं असतं, सरकारी पैसे तिथेच जातात. मग अर्जाला भले कुठलंही पासबुक जोडलेलं असो. त्यांनी मला आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडायला लावलं. ओटीपी टाकला. बँकेचं नाव आलं ते मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मग आठवलं. पुण्याला येताना एसटी स्टँडसमोरच्या दुकानात नवीन सिम घेतलं होतं. दुकानदाराने दोनदा अंगठा लावायला सांगितला, “पहिला नीट उमटला नाही” म्हणून. दुसऱ्या अंगठ्यात सिमवाल्या कंपनीच्याच पेमेंट्स बँकेत माझं खातं उघडलं होतं आणि आधारही तिथेच सीड झालं होतं!

त्याच नंबरवर त्यांचं अ‍ॅप टाकलं. बारा हजार तिथे गुपचूप बसले होते. गावच्या खात्यात वळवले, बँकेत सीडिंगचा फॉर्म भरून दिला, आणि आठवड्याने साइटवर बँकेचं नाव बदललेलं बघितलं तेव्हा कुठे झोप लागली. नूतनीकरणाला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते, त्याची मला एवढी धास्ती नाही.

अप्पांना फोनवर सगळं सांगितलं. ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, “सिम तर मीबी तिथनंच घेतलंय. माझा पीएम किसानचा हप्ता कुठं जातोय, तेवढं बघ की गं.”