तीन जुन्या खुंट्या, तीन नव्या

नाशिकमधील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझा निकेल आणि क्रोम प्लेटिंगचा लहानसा कारखाना आहे. गेली बावीस वर्षे माझी सगळी मेहनत धातूवर गंज येऊ नये यासाठीच खर्च झाली आहे. आमच्याकडे तपासणीसाठी एक बंद पेटी असते. तिच्यात पाच टक्के मिठाच्या पाण्याचे धुके ३५ अंश सेल्सिअसला सतत सोडलेले असते, त्यात भाग टांगून ठेवायचा आणि पहिला डाग किती तासांनी दिसतो ते लिहून ठेवायचे, असा नियम आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणारे आमचे ग्राहक याच तासांवर माल स्वीकारतात किंवा परत पाठवतात. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात शरणपूरहून एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले आणि नवे कोरे भाग जुने करून मागू लागले, तेव्हा त्यांचे म्हणणे नीट समजायला मला थोडा वेळ लागला.

सरांनी गिटारची पेटी माझ्या टेबलावर उघडली. गिटार जपानी बनावटीची होती. जहाजावर नोकरी करणाऱ्या त्यांच्या मामांनी ती १९७० च्या दशकात आणून दिली होती आणि तेव्हापासून चर्चमधील उपासनेत सर तीच वाजवत आले होते. अलीकडे तिच्या सहापैकी तीन खुंट्यांचे दाते झिजून तारा उतरू लागल्या आणि तारा जिच्यावर टेकतात त्या धातूच्या पट्टीला, म्हणजे ब्रिजलाही, तडा गेला. दुरुस्ती करणाऱ्याने पातळ तारांच्या बाजूच्या तिन्ही खुंट्या आणि ब्रिज बदलून दिला. काम चोख होते, सूर लागत होता. पण गिटारच्या माथ्यावर एका बाजूला तीन करड्या, निवलेल्या खुंट्या आणि दुसऱ्या बाजूला आरशासारख्या चकाकणाऱ्या तीन, असे दृश्य झाले होते.

मी माझ्या धंद्याला साजेसा उपाय सुचवला. “सर, जुने भाग काढून द्या. जुना थर उतरवून मी त्यांवर नवीन निकेल चढवतो. सगळे एकसारखे होतील.”

ते म्हणाले, “तसं नको. या तीन खुंट्यांना पंचेचाळीस वर्षं माझाच हात लागलाय. त्या तशाच राहू द्या. नव्यांना त्यांच्या शेजारी बसता येईल एवढंच बघा.”

अशी मागणी जगात नवी नाही. अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या कस्टम शॉपने १९९५ पासून मुद्दाम झिजवलेल्या गिटार ‘रेलिक’ या नावाने विकायला सुरुवात केली आणि त्यानंतर असे भाग तयार करण्याचा एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला. मला मात्र ते काम येत नव्हते, आणि तसे मी सरांना स्पष्ट सांगितले. त्यांनी गिटार माझ्याकडेच ठेवली.

पहिली चूक मी त्याच आठवड्यात केली. गंज हवा आहे म्हणजे मिठाची पेटी आहेच, असा सरळ हिशोब करून मी नव्या स्क्रूंपैकी जादा असलेले चार तिच्यात टांगले. दोन दिवसांनी ते बाहेर काढले तेव्हा सगळीकडे सारखाच, पांढरा आणि नारिंगी पापुद्रा आला होता. अंगणात पावसात पडून राहिलेल्या स्क्रूसारखे ते दिसत होते. गिटार पावसात पडून राहिलेली नव्हती, ती माणसाच्या हातात राहिली होती, आणि हा फरक त्या चार स्क्रूंमध्ये कुठेच नव्हता.

मग मी जुन्या खुंट्या काढून भिंगाखाली धरल्या आणि एक संपूर्ण संध्याकाळ फक्त पाहत बसलो. खुंटीच्या पाठीवरच्या पत्र्याच्या झाकणाला कोणी हात लावत नाही, म्हणून तिथे निकेलवर धुकट करडा थर होता, तरी धातू कुठे उघडा पडला नव्हता. पिळायच्या पाकळीवर मात्र अंगठा आणि तर्जनी टेकतात त्या दोन्ही बाजू गुळगुळीत व चमकदार होत्या. कडांवरचे निकेल पूर्ण निघून खालचे पिवळे पितळ दिसत होते, आणि पाकळी दांड्याला जुळते त्या खाचेत काळा मळ घट्ट बसला होता. खुंटी लाकडावर टेकते तो भाग उलटून पाहिला तर तो कालच कारखान्यातून आल्यासारखा कोरा होता. म्हणजे एकाच बोटभर भागावर वयाचे चार निरनिराळे प्रकार होते आणि प्रत्येकाला कारण होते: घामातील मीठ व आम्ल, हवेतील दमटपणा, बोटांचे घासणे आणि झाकलेपण. जिथे हात थांबतो तिथे धातू मंदावतो आणि जिथे हात फिरतो तिथे तो उजळतो, हे मला त्या संध्याकाळी प्रथम कळले.

याच नाशकातल्या सराफ बाजारात ऑक्सिडाइज्ड चांदीचे दागिने करताना कारागीर हेच तत्त्व रोज वापरतात. दागिना आधी पूर्ण काळा करायचा आणि मग फक्त उठावाचे भाग घासून उजळायचे, म्हणजे खोलगट जागी काळेपणा राहतो आणि नक्षी डोळ्यांत भरते. ही पद्धत मी लहानपणापासून पाहिलेली असूनही तिचा या कामाशी संबंध जोडायला मला चार स्क्रू वाया घालवावे लागले.

दुसरी अडचण धातूची होती. नव्या खुंट्या जुन्यांशेजारी धरल्या तेव्हा रंगात फरक जाणवला. निकेलचा पांढरेपणा किंचित पिवळसर, उबदार असतो, तर क्रोमची झाक निळसर असते. नव्या खुंट्यांवर क्रोम होते, ब्रिजवर मात्र निकेलच होते. क्रोम निकेलसारखे निवत नाही. ते वर्षानुवर्षे चकाकत राहते आणि बिघडते तेव्हा बारीक खड्डे पडून किंवा पापुद्रे सुटून बिघडते. त्यामुळे आधी क्रोम उतरवणे भाग होते. शोभेच्या कामात क्रोमचा थर मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) अर्ध्याहूनही कमी जाडीचा असतो आणि त्याच्याखाली निकेलचा दहा-वीस मायक्रॉनचा थर असतो, म्हणून हे शक्य होते. पाण्यात घातलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये झाकणे काही सेकंद बुडवली की बुडबुडे सुटतात, पाणी हिरवट होते आणि खालचे निकेल उघडे पडते. पाकळ्या जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव होत्या. निकेलच्या थरात सुईच्या टोकाएवढे छिद्र असले तरी ॲसिड आत शिरून जस्त खाते आणि वर फोड येतो, म्हणून त्या मी क्षणभर बुडवून, धुऊन, पाहून पुन्हा बुडवल्या. ते हिरवे पाणी क्रोमियमचे असल्यामुळे प्रक्रिया टाकीतच गेले. गटारात ते कोणीही सोडता कामा नये, घरी हौसेने हे काम करणाऱ्यांनी तर नाहीच.

मुख्य काम आठवडी सुट्टीच्या दिवशी केले, कारण कारखान्यात इतर कोणी नसावे अशी माझी इच्छा होती. खुंट्यांची यंत्रणा, म्हणजे पितळी चक्र आणि पोलादी आटा, आधी सोडवून बाजूला ठेवला. ज्या भागाने सूर धरायचा त्याला ॲसिडचा वासही लागू द्यायचा नाही, हे मी पहिल्यापासून ठरवले होते. ब्रिजचे आटे, तारा बसायच्या खाचा आणि लाकडावर टेकणारी सपाटी मेणाने झाकली. झाकण असलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात तळाशी छोट्या वाटीत ॲसिड ठेवले आणि त्याच्यावर प्लॅस्टिकच्या जाळीवर भाग मांडले. भाग ॲसिडमध्ये बुडवायचे नसतात, फक्त त्याच्या वाफेत ठेवायचे असतात.

नाशिकच्या डिसेंबरातली सकाळ होती. अर्ध्या तासाने पाहिले तर काहीच बदल नव्हता, तासाने पाहिले तरीही नाही. थंडीत वाफ कमी उठते हे मला ठाऊक असायला हवे होते, कारण आमच्या टाक्यांनाही थंडीत हीटर लावावे लागतात. डबा अंगणात उन्हात नेऊन ठेवला. दुपारच्या सुमारास निकेलवर, आरशावर फुंकर घातल्यावर येते तशी, हलकी धुकट झाक आली. ती वाढत असताना नजर हटवून चालत नाही. थोडा अधिक वेळ गेला की हिरवट दव जमते आणि त्या थेंबांचे डाग मग कायमचे राहतात. झाक पुरेशी वाटताच भाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकले, पुन्हापुन्हा धुतले आणि गरम हवेवर वाळवले.

ब्रिजसाठी मी सरांना आदल्या आठवड्यात बोलावून वाजवायला लावले होते. उजवा तळहात ते जाड तारांच्या बाजूला टेकवतात, पातळ तारांकडे हात हवेत राहतो. म्हणून जाड तारांच्या बाजूला फेरिक क्लोराइडच्या अगदी पातळ द्रावणात भिजवलेला कापूस फिरवून ती बाजू अधिक मंद केली. हे द्रावण इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्ड कोरण्यासाठी मिळते. नंतर पाकळ्या जाड सुती कापडाने आणि पॉलिशने, बोटे जिथे लागतात तेवढ्याच जागी, उजळून घेतल्या. इथे एक मर्यादा पाळावी लागली. जुन्या पाकळ्यांच्या कडांना पिवळे पितळ दिसत होते, पण नव्यांच्या निकेलखाली तांब्याचा थर होता. थोडे जास्त घासले असते तर लालसर कडा उघडी पडून सगळे सोंग उघडकीस आले असते, म्हणून निकेलमध्येच थांबलो. शेवटी खाचांत मेण आणि काजळीचे मिश्रण भरून वरचे पुसून काढले.

या कामात मला सर्वांत अधिक समाधान स्क्रूंनी दिले. त्यांच्यावरचे जस्ताचे प्लेटिंग ॲसिडमध्ये बघताबघता निघून गेले. उघड्या पोलादाला मीठ घातलेल्या व्हिनेगरने रात्रीतून गंज आणला, पण तो ताजा, भडक नारिंगी होता आणि जुन्या स्क्रूंची डोकी तर काळसर तपकिरी होती. तेव्हा बंदुकीच्या नळ्या काळ्या करणाऱ्या कारागिरांची एक पद्धत आठवली: गंजलेला भाग साध्या पाण्यात उकळला की लाल गंजाचे काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होते. दहा मिनिटे उकळून, घासून, तेल लावल्यावर स्क्रूंना हवा तसा रंग आला. पातेले अर्थातच कारखान्यातले होते, घरचे नव्हे.

संध्याकाळी थकव्यामुळे ॲसिडची वाटी असलेला तो डबा मी हत्यारांच्या खोलीत ठेवला आणि त्याचे झाकण पूर्ण बसले आहे की नाही ते पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी व्हर्निअर कॅलिपर, पाने आणि कानशींवर तांबूस साय धरलेली होती. व्हर्निअर माझ्या पहिल्या कमाईतून घेतलेले होते. ते साफ झाले, पण त्याच्या पट्टीवरील बारीक रेषा पुसट झाल्या त्या झाल्याच. एवढ्याशा वाटीतील वाफ खोलीभर लोखंडाला पुरते, हे मी इतरांना वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. आता ती वाटी मी काम संपताच सोड्याने निष्प्रभ करतो.

सर आले तेव्हा सर्व जोडणी झाली होती. त्यांनी गिटार खिडकीजवळ नेऊन बराच वेळ निरखली आणि मग दुसऱ्या तारेच्या खुंटीवर बोट ठेवले. “ही एवढी झिजणार नाही. ही तार सुरात राहते, हिला मी क्वचित हात लावतो. तिसरी मात्र सारखी उतरते, तिला दर गाण्याआधी पिळावं लागतं.” तिन्ही पाकळ्या मी सारख्याच उजळल्या होत्या. लगेच खुंटी काढली, दुसरीच्या पाकळीवर पुन्हा वाफेची झाक आणली आणि तिसरीची पाकळी आणखी घासली. या दुरुस्तीत दोन तास गेले आणि सर तेवढा वेळ बाहेर बाकावर बसून राहिले.

एक गोष्ट मी त्यांना विचारून केली. प्रत्येक नव्या भागाच्या आतल्या, झाकलेल्या बाजूवर मी महिना आणि वर्ष ठोकून ठेवले. उद्या ही गिटार दुसऱ्या कोणाच्या हाती गेली तर हे भाग मूळचे आहेत असे समजून त्याने जादा पैसे मोजू नयेत. सरांना हे पटले, किंबहुना त्यांनी ते अक्षर भिंगातून वाचून खात्री करून घेतली.

पावसाळा संपल्यावर गिटार एकदा दाखवून जा, असे मी सांगितले होते, कारण छिद्रांत राहिलेले क्लोराइड दमट हवेत पुन्हा गंज धरते. ते ऑक्टोबरात आले. एका स्क्रूच्या खाचेत खरोखरच ताजा नारिंगी ठिपका होता. तो काढून पुन्हा उकळला आणि तेल लावून बसवला. ब्रिजवर मी मंद केलेला भाग जसाच्या तसा होता, पण त्याच्या शेजारी, तारांच्या टेकणीकडे सुमारे अर्धा सेंटीमीटर सरकून, एक नवा धुकट डाग आला होता. मी सरांना वाजवायला सांगितले. त्यांचा तळहात बरोबर त्या नव्या डागावर टेकला.