नववीला धर्मग्रंथांचा ऐच्छिक तास: संमतीपत्र, ओव्या आणि वेळापत्रक

आमचं हायस्कूल गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं, अनुदानित. हे आधी सांगायला हवं, कारण सगळं त्यावर ठरतं. घटनेच्या २८व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेत सक्ती चालत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. ग्रंथांचा अभ्यास ही मात्र वेगळी गोष्ट. २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक मान्य केला.

पहिलं संमतीपत्र आम्हाला मागे घ्यावं लागलं. त्यात ‘धार्मिक शिक्षण’ लिहिलं होतं, वर ‘हरकत असल्यास कळवावे’. पालक गप्प राहिले म्हणजे हो म्हणाले, असं धरणं चूक. दुसऱ्या पत्रात ग्रंथांची नावं, शिकवणार कोण, आठवड्याला एक तास, गुण नाहीत, केव्हाही सोडता येईल, एवढं मराठीत आणि कोकणीत दिलं. सही आल्याशिवाय यादीत नाव घातलं नाही.

ग्रंथ निवडताना गोव्यासारखी सोय दुसरीकडे नाही. केळशीच्या कृष्णदास शामांची १५२६ ची कृष्णकथा ओवीत आहे; १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापलेलं फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराणही ओवीतच. दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात. यूसुफची कथा कुराणात आणि बायबलच्या ‘उत्पत्ती’त, दोन्हीकडे आहे; तीही मराठी अनुवादांतून घेतली. एका तासाला दहा ओव्या पुरे. जुने शब्द अडतात, म्हणून अर्थ आधीच फळ्यावर लिहावेत. मूळ बाजूला ठेवून तात्पर्य सांगू लागलं की तासाचं प्रवचन होतं. कोण बोलतंय, कोणाला, उपमा कुठून आणली, हे विचारावं. ‘तुला हे पटतं का?’ हा प्रश्न वर्गात नको. मुलाला चारचौघांत आपली श्रद्धा उघड करावी लागते.

वेळापत्रकात शेवटचा तास घेऊ नये. न निवडणाऱ्यांना लवकर घरी सोडलं की बस गाठायची म्हणून बाकीचीही गळतात. मधला तास घ्यावा आणि त्याच वेळी दुसऱ्या शिक्षकाकडे, हजेरीसकट, वाचनालयाचा तास ठेवावा. नाहीतर ती मुलं व्हरांड्यात बसतात, आणि कोण आत, कोण बाहेर हे साऱ्या शाळेला दिसतं.