न उगवलेला ओक

व्हिडिओ गेमच्या दुनियेतलं माझं सगळ्यात लाडकं झाड कधी उगवलंच नाही. २००४ साली एक्सबॉक्सवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या गेम खेळायच्या यंत्रावर, ‘फेबल’ हा गेम आला. त्याआधी त्याचे कर्ते पीटर मॉलिन्यू रंगवून सांगायचे की, झाडावरून ओकचं एक बी पाडा, ते रुजेल, आणि खेळता खेळता त्याचा मोठा वृक्ष झालेला दिसेल. गेम आला. नायक म्हाताराही झाला. झाडाचा पत्ता नाही. मॉलिन्यूंनी त्याच वर्षी जाहीर माफी मागितली, पण ते बी लोकांच्या डोक्यात रुजलं ते रुजलंच. ‘फेबल’मधल्या कित्येक लढाया मी विसरलोय. नसलेलं झाड मात्र पक्कं लक्षात आहे.

एक झाड वाढवायला असं काय लागतं, असं आपल्याला वाटतं. हिशेब मांडून बघा. बी कुठे पडलं हे सेव्ह फाइलने, म्हणजे खेळ कुठवर आला ते साठवणाऱ्या फाइलने, लक्षात ठेवायचं. हौशी खेळाडू एकावर थोडाच थांबणार, तो रानभर बिया टाकत सुटणार. प्रत्येकाचं वय वेगळं, म्हणजे रोपटं, मधलं झाड, डेरेदार वृक्ष अशी सगळी रूपं घडवायला हवीत. कुणीतरी नेमकं पुलाच्या तोंडाशी बी टाकणार. मग बुंध्याला अडलेला गावकरी जन्मभर जागच्या जागी चालत राहणार, आणि कथेचा पुढचा धागा त्याच्याच हाती असला तर खेळ तिथेच आटोपला. हे सगळं बसवायचं कशात, तर त्या एक्सबॉक्सच्या ६४ एमबी मेमरीत! मुलाखतीत सहज निघालेलं एक वाक्य निस्तरताना प्रोग्रामरच्या कितीतरी रात्री जातात.

तरी मॉलिन्यूंवर मला राग धरता येत नाही. हा माणूस मोठ्याने स्वप्न बघतो, आणि समोर माइक असला की ते जरा जास्तच मोठं होतं. राग येतो तो रचलेल्या डेमोचा. २००५च्या ई३ या व्हिडिओ गेमच्या मेळाव्यात ‘किलझोन’ या गेमच्या पुढच्या भागाची चित्रफीत दाखवली गेली. प्लेस्टेशन ३वर असंच खेळायला मिळणार, असा सगळ्यांचा समज झाला. प्रत्यक्षात तो संगणकावर आधीच चित्रं बनवून (रेंडर करून) ठेवलेला सिनेमा होता. तिथे स्वप्नबिप्न काही नव्हतं, नेपथ्य होतं.

‘नो मॅन्स स्काय’ या अंतराळातल्या गेमची तऱ्हा या दोन्हींच्या मधली. १८च्या पुढे १८ शून्यं, इतके ग्रह देऊ असं त्याचे कर्ते म्हणाले, आणि दिले! २०१६च्या ऑगस्टमध्ये गेम आल्या आल्या दोन खेळाडूंनी ठरवून एकच ग्रह गाठला, एकाच जागी येऊन उभे राहिले, आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. एवढं अफाट विश्व उभं केलं आणि शेजारचा माणूसच राहून गेला. तो २०१८च्या फुकट अपडेटमध्ये आला. दरम्यान शिव्या खात, गुपचूप काम करत राहिलेल्या त्या छोट्याशा टीमबद्दल मला आदर आहे.

अर्थात आपणही काही कमी नाही. ट्रेलर थांबवून थांबवून मागच्या भिंतीवरची पोस्टरं वाचायची, त्यावरून अख्खं शहर रचायचं, ते नीट चालेल का यावर भांडायचं आणि प्री-ऑर्डरही करून टाकायची. बाजारात तुरी! कंपनीने न दिलेली वचनंसुद्धा आपण तिच्या खात्यावर मांडतो आणि नंतर ती पाळली नाहीत म्हणून पुन्हा भांडतो.

‘सायबरपंक २०७७’च्या २०१८मधल्या ट्रेलरच्या सुरुवातीला नायक मेट्रोत बसून बाहेर बघतो. २०२०च्या डिसेंबरमध्ये गेम आला तेव्हा रूळ होते, स्टेशनंही होती, पण तुम्ही गाडीत बसायचा प्रश्नच नव्हता. एका स्टेशनातून अदृश्य व्हायचं आणि दुसऱ्यात उगवायचं. ‘आमची मेट्रो कुठंय’ असं लोक तीन वर्षं विचारत राहिले. २०२३च्या डिसेंबरमध्ये ती एकदाची धावू लागली. खिडकीशी बसायचं, शहर बघायचं, उतरायचं. बाकी काहीही करायचं नाही. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू! थोडी स्टेशनं मजेत गेलो. मग कंटाळा आला, उतरलो आणि समोरून येणारी पहिली मोटार चोरली.